चुलीच्या आचेतून दीड वॅट वीज: पेल्टियर मॉड्यूलचा जनरेटर कसा बांधावा

आधी हिशोब, मग सामान. खाली दिलेला संच नीट बांधला, तर चूल पेटलेली असेपर्यंत सुमारे दीड वॅट वीज मिळते. सकाळ-संध्याकाळ मिळून चूल तीन तास चालत असेल तर दिवसाला साडेचार वॅट-तास. एवढ्यावर एक वॅटचा एलईडी दिवा संध्याकाळचे तीन-चार तास जळतो, किंवा साधा बटणांचा फोन रोज चार्ज होतो. ५००० एमएएचचा स्मार्टफोन भरायला मात्र पाचेक दिवस लागतील. छतावर ऊन येत असेल तर १० वॅटचं सोलर पॅनेल घ्या, ते स्वस्त पडेल आणि जास्त वीज देईल. चुलीची वीज कामाची ठरते ती कोकणात आणि घाटमाथ्यावर, जिथे पावसाळ्यात पॅनेलला दिवसेंदिवस ऊन दिसत नाही आणि चूल मात्र रोज पेटते.

तत्त्व १८२१ सालचं आहे. दोन वेगळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले तर त्या वेटोळ्याजवळ होकायंत्राची सुई हलते, हे थॉमस सीबेकने पाहिलं. आज धातूंऐवजी बिस्मथ टेल्युराइड हा अर्धवाहक वापरतात. त्याचे इवलेसे पी आणि एन जातीचे ठोकळे दोन सिरॅमिक पाट्यांमध्ये बसवलेले असतात, विजेच्या दृष्टीने एकामागोमाग एक आणि उष्णतेच्या दृष्टीने शेजारी शेजारी. हेच पेल्टियर मॉड्यूल. एका पी-एन जोडीतून दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ मिलिव्होल्ट मिळतात. १२७ जोड्यांच्या मॉड्यूलमधून म्हणून दर अंशाला ०.०५ व्होल्ट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे लागेल.

मॉड्यूलला तापमान कळत नाही, फरक कळतो. व्होल्टेज फरकाच्या प्रमाणात वाढतं, पण पॉवर फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फरक ६५ अंशांवरून ४५ वर आला की वीज निम्म्याहून खाली जाते. बहुतेक जण वीज कमी पडली की जाळ वाढवतात आणि मॉड्यूल जाळून बसतात. खरा फायदा गार बाजू गार ठेवण्यात असतो, म्हणून या संचात पंखा नाही, पाणी आहे. १२ व्होल्टचा छोटा पंखा एक-सव्वा वॅट खातो, म्हणजे बनलेली जवळजवळ सगळी वीज तिथेच संपली. रचना अशी: ॲल्युमिनियमची पट्टी चुलीतली आच मॉड्यूलांच्या एका बाजूला आणते आणि बादलीतलं पाणी ‘वॉटर ब्लॉक’ या पोकळ ठोकळ्यातून फिरून दुसरी बाजू गार ठेवतं.

कोणतं मॉड्यूल घ्यावं

बाजारात सगळीकडे मिळतं ते टीईसी१-१२७०६. ४० बाय ४० मिलिमीटर, १२७ जोड्या, ६ अँपिअर. हे मुळात थंडावा करण्यासाठी बनवलेलं आहे, पण उलटं चालतं आणि किमतीच्या मानाने चांगलं चालतं. त्याचा अंतर्गत रोध सुमारे २ ओहम असतो. मर्यादा एकच, पण कडक: आतलं सोल्डर बहुतेकदा बिस्मथ-कथिलाचं असतं आणि ते १३८ अंशांना वितळतं. म्हणून गरम बाजू १२० अंशांवर ठेवायची, १२५ च्या पुढे कधीच न्यायची नाही.

‘जनरेटर मॉड्यूल’ म्हणून एसपी१८४८-२७१४५ विकतात. त्याच्या जाहिरातीत १०० अंशांच्या फरकाला ४.८ व्होल्ट आणि ६६९ मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. गुणाकार करून ३.२ वॅट धरू नका. ते व्होल्टेज काहीच न जोडता मोजलेलं आणि तो करंट दोन वायरी एकमेकींना चिकटवून मोजलेला. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. जास्तीत जास्त पॉवर या गुणाकाराच्या चौथ्या हिश्शाएवढी, म्हणजे ०.८ वॅट. ३०० अंश सोसणारी ५६ मिलिमीटरची खरी जनरेटर मॉड्यूलंही मिळतात, ती १४ वॅटपर्यंत देतात. पण त्यांची किंमत हजारांत असते आणि त्यांच्यातून ३०० वॅटच्या आसपास उष्णता वाहून न्यावी लागते, ती या लेखातल्या बादलीला झेपणारी नाही.

टीईसी१-१२७०६ दोन लागतील. चार मागवा आणि त्यातली जुळणारी जोडी निवडा. व्हर्नियरने जाडी मोजा. दोन्हींत ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एकाच वॉटर ब्लॉकखाली पातळ मॉड्यूलला दाबच मिळत नाही. मग रोध मोजा. इथे मल्टिमीटर हमखास फसवतो, कारण हाताच्या ऊबेनेही मॉड्यूल स्वतःचं व्होल्टेज तयार करतं. मॉड्यूल पाच मिनिटं टेबलावर पडू द्या, रोध मोजा, प्रोब उलटे करून पुन्हा मोजा आणि सरासरी घ्या. ३ ओहमच्या वर गेलेला नग परत करा.

बाकीचं सामान

ॲल्युमिनियमची फ्लॅट पट्टी ५० बाय १० मिलिमीटर, लांबी ३०० मिलिमीटर. ६०६३ ग्रेडची मागा, दुकानात तिला एचई-९ म्हणतात. वजन साधारण ४०० ग्रॅम भरेल. लोखंडी पट्टी चालणार नाही, ती ॲल्युमिनियमच्या चौथ्या हिश्शाएवढीच उष्णता वाहते.

ॲल्युमिनियमचा वॉटर ब्लॉक ४० बाय ८० बाय १२ मिलिमीटर, दोन्ही नळ्या आखूड बाजूला असलेला. दोन मॉड्यूलं त्यावर बरोबर शेजारी शेजारी बसतात. त्याला बसणारी सिलिकॉनची नळी दीड-दोन मीटर, क्लिपा आणि १० लिटरची बादली. बादलीच्या भिंतीत बसवायला टाकीचे दोन छोटे निपल.

कसण्यासाठी २० बाय ५ मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीचे ९० मिलिमीटर लांब चार तुकडे, एम५ चे स्टेनलेस बोल्ट चार आणि प्रत्येकाला वाटीसारख्या आकाराचे दोन स्प्रिंग वॉशर. स्टेनलेस अशासाठी की साध्या लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच उष्णता त्यातून गार बाजूकडे निसटते. शिवाय ॲल्युमिनियमचा ४ मिलिमीटर पत्रा ४० बाय ८० आकाराचा, पांढरी थर्मल पेस्ट, सिलिकॉन वायर आणि आम्लाचा वास न येणारं न्यूट्रल सिलिकॉन सीलंट.

विजेच्या बाजूला व्होल्टेज वाढवणारं एमटी३६०८ बूस्ट मॉड्यूल, सेलच्या संरक्षणासह टीपी४०५६ चार्जर, एक १८६५० लिथियम सेल होल्डरसकट, १००० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा कपॅसिटर. मोजमापासाठी के टाइप थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावता येणारा मल्टिमीटर. तो नसेल तर हे काम सुरू करू नका.

पट्टी तयार करणं

मॉड्यूलं बसणार तो पट्टीचा ९० मिलिमीटरचा भाग सपाट करायचा. कारखान्यातून आलेली पट्टी डोळ्याला सपाट दिसते, असतेच असं नाही. टेबलावर जाड काच ठेवा, तिच्यावर २२० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर पसरा, थोडं पाणी टाका आणि पट्टी इंग्रजी आठाच्या आकारात घासा. मग ४०० आणि ६००. स्टीलची फूटपट्टी कडेवर उभी धरून उजेडाकडे पाहा, मध्ये फट दिसता कामा नये. वॉटर ब्लॉकचा चेहराही असाच घासा. तो बहुतेक वेळा मध्ये फुगलेला असतो.

मॉड्यूलांच्या जागेपासून १० मिलिमीटरवर, पट्टीच्या कडेतून ३ मिलिमीटरचं भोक २० मिलिमीटर खोल पाडा. थर्मोकपल यात जाईल. इन्फ्रारेड बंदुकीवर विसंबू नका. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती १२० अंशांना ४०-५० सांगते आणि तेवढ्यात मॉड्यूल गेलेलं असतं.

जोडणी

पट्टी कडेवर उभी ठेवायची, म्हणजे रुंद चेहरा उभा राहील. त्यावर मॉड्यूलं, त्यावर वॉटर ब्लॉक. असं केलं की ब्लॉकच्या दोन नळ्या एकीच्या वर एक येतात आणि हवा आत अडकत नाही.

मॉड्यूल कोणत्याही बाजूने तापवलं तरी वीज देतं, फक्त धन-ऋण उलटतं. पण वायरी ज्या सिरॅमिक पाटीवर सोल्डर केलेल्या आहेत ती पाण्याकडे ठेवा, म्हणजे तो सांधा आणि वायरीचं आवरण गार राहतं. दोन्ही मॉड्यूलांची तोंडं एकाच दिशेला हवीत.

पेस्ट कमी लावा. प्रत्येक चेहऱ्यावर वाटाण्याहून लहान थेंब, जुन्या एटीएम कार्डाने पसरून, खालचा सिरॅमिक अंधुक दिसेल इतका पातळ थर. पेस्ट धातूपेक्षा कितीतरी वाईट वाहक आहे, तिचं काम फक्त खाचा भरण्याचं.

ब्लॉकवर ४ मिलिमीटरचा पत्रा ठेवा, नाहीतर पोकळ ब्लॉक दाबाखाली चेपतो. मग प्रत्येक मॉड्यूलच्या बरोबर मध्यावर एक लोखंडी तुकडा पुढून, एक मागून, आणि दोन टोकांना बोल्ट. बोल्ट पट्टीच्या बाहेरून जातात, ॲल्युमिनियमला भोकं पाडावी लागत नाहीत.

दाब किती? मॉड्यूलला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १० किलो लागतो. १६ चौरस सेंटिमीटरला १६० किलो, म्हणजे दर बोल्टला ८०. एम५ साठी तो ०.८ न्यूटन-मीटर पिळाने येतो. टॉर्क पाना नसेल तर ८ नंबरचा पाना नटवर लावून, नटाच्या मध्यापासून ८ सेंटिमीटरवर सामान तोलायचा काटा अडकवा आणि एक किलो दाखवेपर्यंत ओढा. चारही बोल्ट आधी बोटाने, मग तिरके समोरासमोर, दरवेळी पाव फेरा. एक बोल्ट पूर्ण कसून दुसऱ्याकडे गेलात तर सिरॅमिकला तडा जातो. तो तडा दिसत नाही, रोध वाढल्यावर कळतो. पहिल्यांदा तापवून गार झाल्यावर पेस्ट बसते आणि दाब उतरतो, तेव्हा पुन्हा एकदा तेवढाच पीळ द्या.

शेवटी मॉड्यूलांच्या उघड्या कडा सीलंटने भरा. चुलीजवळ वाफ असतेच. ती आतल्या सांध्यांपर्यंत गेली की महिन्याभरात गंज दिसू लागतो.

पाणी आपोआप फिरवणं

बादली ब्लॉकपेक्षा अर्धा मीटर वर, कट्ट्यावर किंवा फळीवर. बादलीच्या तळाजवळचा निपल ब्लॉकच्या खालच्या नळीला, आणि पाण्याच्या पातळीच्या थोडा खाली असलेला निपल ब्लॉकच्या वरच्या नळीला. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, गार पाणी खाली उतरतं, पंप लागत नाही. पण हा जोर फार नाजूक असतो, जेमतेम एक-दोन मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. नळीची आतली रुंदी किमान ८ मिलिमीटर ठेवा, लांबी शक्य तितकी कमी. वर जाणारी नळी वाटेत कुठेही खाली झोकू देऊ नका. तिथे बुडबुडा अडकला की प्रवाह बंद. भरताना वरची नळी बादलीच्या निपलमधून काढून खाली धरा, अखंड धार येऊ द्या आणि मगच जोडा.

लोडसकट (वीज वापरली जात असताना) दोन मॉड्यूलांतून ८० ते ९० वॅट उष्णता पाण्यात येते. १० लिटर पाणी तासाला सात-आठ अंश तापतं. स्वयंपाक झाल्यावर ते भांड्यांना किंवा हातपाय धुवायला वापरा आणि बादली ताज्या पाण्याने भरा.

चुलीत बसवणं

मोकळ्या टोकाकडची पट्टी चुलीच्या तोंडातून किंवा बाजूच्या वैलाच्या भोकातून आत जाते. मॉड्यूल आणि चुलीची भिंत यांच्यात सुमारे १२० मिलिमीटर पट्टी मोकळी राहिली पाहिजे. तेवढ्या लांबीत ९० वॅट वाहताना सुमारे १०० अंश पडतात, म्हणजे आतलं टोक २२०-२३० अंशांवर असताना मॉड्यूलकडे १२० पोचतात. हीच पट्टी तुमचा रेग्युलेटर आहे. पहिल्या दिवशी फक्त २५ मिलिमीटर आत घाला, चूल नेहमीसारखी पेटवा, दर दोन मिनिटांनी तापमान पाहा. २० मिनिटांनी ९० वर थांबलं तर आणखी १० मिलिमीटर सरकवा. १२० ला स्थिरावलं की पट्टीवर कानशीने खूण करून ठेवा. चुलीचा बाकी कारभार बिघडत नाही. तासाला किलोभर लाकूड जाळणारी चूल चार किलोवॅटच्या आसपास उष्णता देते, त्यातले ९० वॅट गेले तर भाकरीला कळत नाही. टोक निखाऱ्यांत मात्र पुरू नका, ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि फुंकलेले निखारे त्याच्या पुढे जातात.

मोकळ्या १२० मिलिमीटरवर आणि मॉड्यूलांमागच्या भागावर आच अडवणारं सिरॅमिक ब्लँकेट गुंडाळा. थर्मोकपलच्या भोकाजवळ १२५ अंशांचा, तापल्यावर जोडणारा केएसडी३०१ थर्मोस्टॅट लावून १८६५० सेलवर एक बझर चालवा. बझर वाजला की पट्टी बाहेर ओढायची आणि मग सगळ्यात आधी पाणी तपासायचं.

वीज काढणं

दोन मॉड्यूलं सिरीजमध्ये: एकाची लाल दुसऱ्याच्या काळीला. गरम बाजू १२० आणि पाणी ४० च्या आसपास असताना मधल्या थरांचा तोटा जाऊन मॉड्यूलला ६५ अंशांचा फरक मिळतो. उघड्या टोकांवर सुमारे साडेसहा व्होल्ट दिसले पाहिजेत. पाच दिसले तर फरक ५० अंशांचाच आहे, दोष विजेत नाही, दाबात किंवा पाण्यात शोधा.

लोड लावण्याआधी खरी पॉवर मोजा. २.२, ३.३, ४.७, ६.८ आणि १० ओहमचे ५ वॅटचे वायरवाउंड रोध आळीपाळीने लावा, व्होल्टेज मोजा, त्याचा वर्ग करून रोधाने भागा. चूल पेटल्यापासून किमान अर्धा तासाने मोजा. सुरुवातीला बादली गार असते आणि आकडे फसवे चांगले येतात. प्रत्येक रोधानंतर पाच मिनिटं थांबा, कारण करंट वाहू लागला की मॉड्यूल जास्त उष्णता ओढतं आणि गरम बाजू थोडी उतरते. सर्वाधिक पॉवर ४.७ ते ६.८ ओहमच्या दरम्यान, उघड्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास मिळते: सव्वातीन व्होल्ट, ६०० मिलिअँपिअरच्या पुढे, २ वॅट. बूस्ट आणि चार्जरमध्ये काही हरवून त्यातले दीडेक वॅट हाती येतात. उष्णतेच्या मानाने २ वॅट म्हणजे जेमतेम २ टक्के कार्यक्षमता झाली. या तापमानाला निसर्गाची कमाल मर्यादाच सुमारे २० टक्के आहे, तेव्हा फार वाईट वाटून घेऊ नका.

मॉड्यूलांच्या वायरी एमटी३६०८ च्या इनपुटला, तिथेच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. जोडण्याआधी बॅटरीवर चालवून आउटपुट ४.८ व्होल्टवर सेट करा. आउटपुट टीपी४०५६ ला, टीपी४०५६ सेलला. फोन थेट एमटी३६०८ ला कधीच लावू नका. बूस्ट कन्व्हर्टर व्होल्टेज फक्त वाढवतो. लोड सुटला आणि इनपुट साडेसहावर गेलं की तेच जवळजवळ तसंच्या तसं फोनपर्यंत पोचतं. टीपी४०५६ आठ व्होल्टपर्यंत सोसतो, फोनची खात्री नाही. फोन आणि दिवा सेलवरून, पॉवरबँकच्या पाच व्होल्टच्या बोर्डमार्फत चालवा.

आता सगळ्यात जास्त जण अडकतात ती जागा. टीपी४०५६ च्या बोर्डवर १.२ किलोओहमचा रोध असतो, तो १ अँपिअर मागतो. आपल्याकडे तेवढं नाही. बूस्ट जास्त ओढायला जातो, इनपुट २ व्होल्टच्या खाली कोसळतं, सर्किट बंद पडतं, पुन्हा उठतं, पुन्हा कोसळतं. लाल दिवा फडफडतो आणि सेल भरत नाही. तो रोध काढून ५ किलोओहमचा लावा, मागणी २५० मिलिअँपिअरवर येते. तरी फडफडलं तर १० किलोओहम, १३० मिलिअँपिअर.

काय बिघडलं ते कसं ओळखावं

पेटवल्यावर दहा मिनिटं छान वीज, मग घसरण: पाणी फिरत नाही. ब्लॉकच्या दोन नळ्यांना हात लावा. वरची कोमट आणि खालची गार असेल तर ठीक. दोन्ही तापल्या किंवा वरची चटका देऊ लागली तर बुडबुडा आहे.

उघडं व्होल्टेज ठीक पण लोड लावताच एक व्होल्टच्या खाली: मॉड्यूलमधला एखादा सांधा गेला. दोन्ही वेगळी करून गार अवस्थेत रोध मोजा. २ चे ५-६ ओहम झालेलं मॉड्यूल फेकायचं, दुरुस्ती होत नाही. सिरीजमध्ये ते चांगल्या मॉड्यूलचाही करंट अडवतं.

उघडं व्होल्टेज शून्याजवळ आणि तापमान मात्र बरोबर: एक मॉड्यूल उलटं बसलंय, दोघांची बेरीज वजाबाकी झाली आहे. वायरी अदलाबदल करा, उघडून बसवायची गरज नाही.

गरम बाजू दर आठवड्याला थोडी कमी चढते: टोकावर काजळी साचली. गार असताना तारेच्या ब्रशने घासा. त्याच वेळी बादलीचं तोंड पाहा, खारं पाणी असेल तर ब्लॉकमध्ये क्षार बसतो. लिंबाच्या फुलाचं (सायट्रिक ॲसिडचं) पातळ द्रावण अर्धा तास भरून ठेवलं की निघतो.

सतत पेटणाऱ्या भट्टीवर, गुऱ्हाळाच्या चुलाणावर वगैरे, हाच संच जास्त फायद्याचा ठरतो, कारण रोज तापणं-गार होणं कमी होतं आणि सोल्डरचे सांधे त्यानेच तुटतात. तिथे बादलीऐवजी २०० लिटरचा पिंप लावा आणि प्रत्येक जोडीला स्वतंत्र पट्टी, ब्लॉक आणि बूस्ट द्या. चार जोड्या एकाच सिरीजमध्ये ओढल्या तर सगळ्यात कमी तापलेली जोडी बाकीच्या तिघींना खाली खेचते.